स्वखुशीचा व्हिडिओ

मॅडमनी ऑनलाइन मीटिंगमध्ये माझाच व्हिडिओ लावला. मोबाइलच्या पडद्यावर चाळीसेक बायकांची तोंडं, मधे मी. कणकेचे हात, हातात कागद. "मी ही भेट... स्व... स्वखुशीने देत आहे. परत मागणार नाही." सातवीतून शाळा सुटलेलीचं वाचन. अडखळत.

बायका हसल्या.

मी इतकंच विचारलं होतं, "मॅडम, माझी पाळी कधी?"

"आपल्या तोंडानं म्हणालीस ना? मग?" मॅडम म्हणाल्या. अन् बाकीच्यांना, "ह्या लोकांना फक्त घ्यायचं माहीत. द्यायचं म्हटलं की रडारड."

ह्या लोकांना. कोणत्या, ते मला कळलं. सगळ्यांनाच कळलं.

मी माहूरकडची. लातुरात मॅडमच्या होस्टेलवर, क्लासला आलेल्या पोरींच्या पोळ्या लाटते. मॅडम शाळेत शिकवतात. अनोळखी गावात त्यांनीच मला खोली दिली. म्हणून त्या म्हणतील ते खरं. भूकंपात त्यांचं घर पडलेलं. दर मीटिंगला सांगायच्या, "तेव्हा अनोळखी माणसांनी आम्हाला उभं केलं. देणाऱ्यालाच मिळतं." ऐकून माझे डोळे भरायचे.

मॅडमच्या भेटीचं चक्र असं. नव्या आठ जणींनी मधल्या बाईला पाच-पाच हजार भेट द्यायची. मग चक्र फुटतं, आपण एक पायरी आत. पण दोघी नव्या आणल्या तरच. मधे पोचलं की चाळीस हजार. मी गावची शेजारीण आणली. ताईला आणलं. ताई गडाच्या पायथ्याला कुंकू विकते. तिचा व्हिडिओ मीच काढला. ती अडखळली तर मॅडमसारखंच म्हणाले, "नीट बोल गं."

हसून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मॅडम गोड. "दोघी आणल्यास, पण चक्र अडलंय. शारदाला आण. लगेच आत सरकशील."

शारदा देवणीची, आमच्याकडं भांडी घासते. तिला वाचता येत नाही. कागदावरचा एकेक शब्द मी सांगायचा, तिनं मागून म्हणायचा.

तिनं हात पुसले. "लई शिकलेल्या बायका हायत म्हणं त्यात?"

"हाव."

"तू हायस ना अक्का? मग काय भ्याव न्हाई."

रेकॉर्डच्या बटणावर माझा अंगठा तिथंच थांबला. आमच्याकडं लग्नात आहेर नाव पुकारून घेतात. 'परत मागणार नाही' असं मांडवात कुणाकडून वदवून घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. पैसे बुडणार हे ज्याला आधीच ठाऊक, तोच असा कागद लिहितो. मॅडमला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

"देऊ नगंस," मी म्हणाले.

फोन माझ्याकडं फिरवला. कागद नाही. "मी पाच हजार दिले ते चाळीस मिळतील म्हणून. मॅडमनीच तसं सांगितलं. कुणी देऊ नका." चक्राच्या ग्रुपवर टाकलं.

दोन मिनिटांत मला ग्रुपातून काढलं. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात.

"उपकार विसरलीस?"

"न्हाई. तेच तर वापरले तुम्ही."

"खोली खाली कर."

पिशवी भरली. कागदही घेतला. माहूरला चाललेय. ताईचा व्हिडिओ माझ्या फोनात आहे. तोंड तिचं, 'नीट बोल गं' हा आवाज माझा. तो मी पुसणार नाही. आधी ताईसमोर उभी राहणार, मग पोलीस ठाण्यात. तिथं तोच पहिल्यांदा दाखवणार. मॅडमचं नाव सांगणारच. पण आधी माझं.