चिप, टँकर आणि ताईचं डोहाळजेवण

जगात अजून कुणी पाहिलीही नव्हती अशा एका चिपमुळे आमच्या ताईच्या डोहाळजेवणाला तिच्या सासरच्यांनी स्वतःचं पाणी आणलं.

ही गोष्ट छत्रपती संभाजीनगरची, ते औरंगाबाद होतं तेव्हाची. शहर बायपास ओलांडून पलीकडे पसरायला लागलं होतं. प्लॉट पडले, बंगले उठले, बंगल्यांना नावंसुद्धा लागली. नळ तेवढे यायचे राहिले. त्यात पाऊस रुसलेला. आमची सगळी गल्ली बाबूच्या टँकरवर जगायची. बाबूची एक रीत होती. टँकर भरला की तो आधी आमच्या घरी फोन करायचा, कारण गल्लीत फोन एकट्या आमच्याकडे. आम्ही फोन उचलला तर टँकर आमच्याकडे, नाहीतर मागच्या गल्लीत! फोन आला की गच्चीवर जाऊन परात बडवायची आणि सगळ्यांनी पाइप घेऊन धावत सुटायचं. हे परातखातं माझ्याकडे होतं. (मी नुकताच इंजिनिअर झालो होतो, म्हणजे घरीच होतो.)

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी आई शहागंजात खरेदीला निघाली आणि दारातून परत फिरली.

"संज्या, उद्या पैठणची सगळी माणसं यायलीत. टाकी तळाला गेलीय. आज टँकर चुकला तर विहीणबाईंसमोर काय ठेवू, तुझं डोकं?"

"आई, मी फोनपासून हलणार नाही!"

आणि खरंच हललो नाही. फक्त फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावली. दहाच मिनिटं!

(आजच्या मुलांना सांगायला हवं: तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं. ते चालू असलं की बाहेरून फोन करणाऱ्याला नुसतं 'टूं टूं' ऐकू येई.)

त्या दिवसांत एका परदेशी कंपनीने गेम खेळायच्या नव्या यंत्राची चिप जाहीर केली होती. तिची रचना मोठी ऐटबाज. एक मुख्य आणि त्याच्या हाताखाली आठ मदतनीस. यंत्र बाजारात यायला भरपूर अवकाश होता, पण इंटरनेटवर जगभरची माणसं बाह्या सरसावून बसली होती. कुणी म्हणे, आता घरोघरी महासंगणक! कुणी म्हणे, ही चिप इतकी तापेल की तिच्यावर भाकरी भाजून निघेल. (हा आपल्याकडचाच असणार.) एकाला तर चिपचा नुसता नकाशा बघून रडू आलं होतं, आणि ते त्याने सविस्तर लिहिलं होतं. माझ्याकडे नवं सोडा, आधीचंही यंत्र नव्हतं. माझा कॉम्प्युटर चालू करायला त्याच्या पाठीत धपाटा घालावा लागे. तरीही त्या चिपच्या अब्रूची जबाबदारी माझ्यावर सोपवल्यासारखा मी लढत होतो.

माझा मुख्य शत्रू 'नागपूरचा वाघ' या नावाने लिहायचा. त्या दुपारी त्याने डरकाळी फोडली : "सगळं काम त्या एका मुख्याच्या हातून जाणार. तोच भलत्या कामात गुंतला, तर बाकीचे आठ काय हात बांधून बसणार?"

माझं टाळकं सणकलं. मी लिहिलं, "इतका बेजबाबदार मुख्य अख्ख्या जगात एक तरी दाखव!" तेवढ्यावर भागेना, म्हणून खाली निबंध जोडला. दहा मिनिटांची दुपार कधी झाली, कळलं नाही.

शेजारचे शेखचाचा दारात आले तेव्हा कळलं.

"संजूबेटा, परात कायकू नै बजाया? पिच्छे की गल्ली में टँकर खाली होरा ना रे!"

मी एका पायात चप्पल घालून पळालो. बाबू पाइप गुंडाळत होता.

"बाबू, आमचं पाणी?"

"लई येळ फोन लावला राव! एंगेज, एंगेज, एंगेज! म्या म्हणलं, ताईला दवाखान्यात नेलं की काय."

"मग आता?"

"आता काय? आता परवा."

परतलो तर दारोदारी रिकामे ड्रम आणि प्रत्येक ड्रमशेजारी एक माणूस. तेवढ्यात आई आली. तिने आधी ड्रम पाहिले, मग फोन पाहिला, मग वायर.

"ही वायर इकडं कशी?" तिने अगदी शांतपणे विचारलं. (आई शांत झाली की आमच्याकडे बाबासुद्धा बाहेर जाऊन उभे राहतात.)

मी तोंड उघडणार, एवढ्यात दारात जीप थांबली. थांबली म्हणजे, थांबण्याआधीच तिच्यातून ताईच्या सासूबाई उतरल्या.

"माझी सून कुठंय?"

ताई हातात कैरीची फोड घेऊन बाहेर आली. सासूबाईंनी तिला कवटाळलं आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली.

"दुपारधरनं फोन लावायलोत, नुसतं टूं टूं! म्हणलं, पोरीचं काही कमीजास्त झालं, दवाखान्याशी बोलायलेत. जीप केली अन् निघालो. कोण बोलत होतं एवढा येळ?"

सगळ्या गल्लीने माझ्याकडे पाहिलं.

"कुणाशी बोलत होता रे?" सासूबाईंनी विचारलं.

"नागपूरच्या वाघाशी," मी खरं ते सांगितलं.

आई आत गेली आणि रिकामा तांब्या घेऊन तशीच बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. "विहीणबाई, एवढ्या लांबून आलात, अन् घरात प्यायला..."

"अवो, जीपमध्ये मागं बघा की!"

मागे दुधाचे कॅन होते. काठोकाठ पाण्याने भरलेले!

"दुष्काळात लेकीसुनांच्या घरी आम्ही पैठणकर रिकाम्या हातानं जात नाय," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "उद्या आणणार होतो, ते आज आणलं. धरणाच्या तळाचं हाय, गाळून, उकळून घ्या. तुमच्या शहराला येतं ते बी आमच्याच धरणाचं. पाइपानं यायला येळ लागायलाय, म्हणून जीपनं आणलं!"

आई रडता रडता हसली. पण ते पाणी पिण्यापुरतं. स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं बाकीच होतं. तेव्हा शेखचाचा आमच्या गच्चीवर चढले आणि त्यांनी माझी परात बडवली.

"हर घर से एक हंडा! बच्ची का मामला है!"

ज्यांचे ड्रम माझ्यामुळे कोरडे राहिले होते, तीच माणसं हंडे घेऊन आली. कुणी कूलरसाठी राखलेलं आणलं, कुणी उद्याच्या अंघोळीचं. एकानेही मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. मी टाकीपाशी उभा राहून "मी चढवतो, मी चढवतो" करत होतो, तर चाचा म्हणाले, "तू सिर्फ हंडा पकड बेटा. दिमाग नक्को लगा."

डोहाळजेवण थाटात झालं. फुलांचे दागिने घालून ताई झोपाळ्यावर बसली, चाचींनी तिची ओटी भरली, पैठणची मंडळी मागून मागून जेवली. आज गल्लीत नळ आहे, ताईचा मुलगा कॉलेजात आहे. तरी कुणाच्या दारात हंडा दिसला की मला ती संध्याकाळ आठवते आणि मनातल्या मनात हात जोडले जातात. त्या माणसांचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही.

परवाचा टँकर येऊन गेल्यावर, आईची परवानगी काढून, मी इंटरनेट लावलं. वाघ माझ्या आव्हानाला चिकटून बसला होता. त्याने लिहिलं होतं : "तसा मुख्य शोधतोय. सापडला की कळवतो."

मी उत्तर दिलं : "शोधू नकोस. आमच्याच घरी असतो. फोन मात्र करू नकोस, लागणार नाही."