येफीम पाहुणा आला तेव्हा

उस्तिन्या सैबेरियातल्या यूग लोकांच्या घरातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती केट लोकांत आली. यूग आणि केट या बहिणी-बहिणी भाषा, पण बहिणींचं पटतंच असं कुठे आहे? सासूला तिचं बोलणं अर्धं कळायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर ती हसायची. "तोंडात गरम मासा धरून बोलतेस गं!" उस्तिन्या मुकाट्याने केट शिकली. यूग उरली ती भाऊ येफीमपुरती. दर उन्हाळ्यात तो येनिसेई नदीवरून होडी वल्हवत यायचा आणि दोघं काठावर मासे साफ करत पोटभर बोलायची. तो जाऊन सात वर्षं झाली. बाकीचे यूग त्याच्याआधीच संपले होते.

यंदा पहिल्या बर्फात पुतण्या प्रोखोरने अस्वल मारलं. मारलं असं घरात कोणी म्हणत नाही, पाहुणा आला म्हणतात. मेलेलं माणूस सातएक वर्षांनी असंच अस्वल होऊन घरच्यांना भेटायला येतं. कोण आलंय, ते पंजाला विचारायचं. प्रोखोर एकेक नाव घेऊन पंजा वर उडवत होता. येफीमच्या नावाला पंजा तळवा वर करून पडला.

"काकू, तुझा भाऊ आला!"

पाहुण्याचं शिर मानाच्या जागी मांडलं, पुढे चहा आणि सुकवलेला मासा ठेवला. आता बहिणीने ख्यालीखुशाली विचारायची होती. समाधान न होता परतलेला पाहुणा त्या घराकडे पुन्हा फिरकत नाही.

"बोल की," नवरा इग्नात म्हणाला. "एरवी तुला गप्प करता करता माझा घसा बसतो."

'आलास?' एवढं यूगमध्ये आलं. पुढचं केट आलं, मग रशियन. तिने पुन्हा सुरुवात केली. सुटे शब्द आठवत होते, पण एकाला एक जोडेना. चाळीस वर्षं एका चुलीपाशी बसून घरातल्या एकानेही तिचे चार शब्द उचलले नव्हते, आणि आज सगळे कान टवकारून बसले होते!

"केटमध्ये बोल. भाऊच आहे, घेईल समजून," इग्नात म्हणाला.

"त्याच्याशी मी कधी केट बोलले नाही रे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तीन दिवस ती पाहुण्यापुढे नुसते मासे सोलून ठेवत राहिली. चौथ्या सकाळी पुरुष त्याची हाडं रानात पोचवायला निघाले. 'नीट जा' एवढंसुद्धा तिला यूगमध्ये सुचलं नाही. माणसं झाडांआड गेल्यावर ती मागे राहिलेल्या इग्नातला म्हणाली, "त्याला वाटलं असेल, चुकून भलत्याच घरी आलो."