नलूला सांगायचं राहून गेलेलं

माझी पत्नी सुधा मे महिन्यात गेली आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी देवाशी बोललो नाही. दर गुरुवारी देव्हाऱ्यातल्या दत्ताला फूल वाहत होतो, कारण ते तिचं काम होतं आणि ते बंद करण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. पण तोंडातून स्तोत्र निघत नसे. मनात एकच तक्रार होती. आमच्या घरात नलूशी बोलणारी ती एकटी होती. नेमकी तीच का नेलीस?

नलू आमची एकुलती मुलगी, जन्मापासून बहिरी. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. मायलेकींनी घरातल्या घरात हातांची एक बोली तयार केली होती. कपाळावर कुंकवाच्या जागी बोट म्हणजे आई. डोळ्यांभोवती दोन वर्तुळं म्हणजे मी, चष्मेवाला. मला त्यातल्या दहा-बारा खुणा यायच्या: जेवण, पाणी, कुलूप, पाऊस. त्यापलीकडे काही सांगायचं असलं की मी सुधाला हाक मारायचो आणि ती आम्हा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहायची. अठरा वर्षं मी माझ्या मुलीशी बायकोच्या हातांनी बोललो. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या माणसाला ते सोयीचंच होतं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

सुधाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि आपल्याकडे करतात तसंच मी केलं: तिला म्हणालो, साधा अल्सर आहे, नागपूरला आठ दिवस राहावं लागेल. तिने काही विचारलं नाही. नागपूरची गाडी गोंदियाहून, म्हणून आम्ही छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीने आधी गोंदियाला निघालो. नलू माझ्या थोरल्या बहिणीबरोबर, शांताबाईबरोबर, फलाटावर उभी होती. सुधा खिडकीतून तिच्याशी हातांनी काहीतरी बोलत राहिली, गाडी हलली तरी बोलत राहिली. मी तेव्हा सामान नीट लावत होतो.

बाराव्या दिवशी ती गेली. कडक उन्हाळा होता, म्हणून नागपुरातच सगळं उरकलं. अस्थींचा कलश घेऊन मी घरी आलो तेव्हा नलू दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कलशाकडे पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे, रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिली. मला एकही खूण सुचली नाही.

"तिले काय सांगतं तू?" शांताबाई म्हणाली. "मी दाखवलं ना वरते बोट. फोटोले हारबी घातला. समजलं असन तर समजलं, नाई तर बरंच हाय. काहून रडवतं पोरीले?"

पण हार आमच्याकडे देवांच्या तसबिरींनाही असतो, आणि वर बोट करून सुधा तिला देवच दाखवत असे. नलूला यातून काय कळलं असेल? पुढच्याच आठवड्यापासून ती रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊ लागली. गोंदियाकडून गाडी यायची, माणसं उतरायची, फलाट रिकामा व्हायचा, मग ती घरी येऊन माझं ताट वाढायची आणि समोर बसून राहायची. मी उघडं पुस्तक ताटाशेजारी ठेवून जेवायचो. तिचं ते टक लावून पाहणं मला सोसत नव्हतं. पोरगी रोज मेलेल्या आईची वाट पाहते आहे आणि तिला खरं सांगायला माझ्याजवळ शब्द नाही, या एका विचाराने मी पोखरून निघालो होतो. त्या दिवसांत वैनगंगेच्या पुलावरून जाताना मी कठड्याच्या बाजूने चालत नसे.

पावसाळा संपता संपता कळलं की प्रौढ शिक्षणाचे वर्ग भरत त्या प्राथमिक शाळेत दर रविवारी खुणांच्या भाषेचाही वर्ग सुरू होतोय, बहिऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी. मी नलूला घेऊन गेलो. शिकवणाऱ्या बाई जबलपूरकडच्या. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे ही भाषा त्या घरीच शिकल्या होत्या. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही सात-आठ मोठी माणसं गुडघे दुमडून बसायचो. नलू महिन्याभरात घडाघडा बोलू लागली. मी मात्र प्रत्येक खुणेचं वर्णन वहीत लिहून घ्यायचो: अंगठा कुठे, तळवा कोणीकडे. बोलताना आधी वहीत पाहायचो आणि मग स्वतःच्या बोटांकडे.

"सर, अपने हाथ मत देखिए," बाई दर वेळी सांगायच्या. "सामनेवाले का चेहरा देखिए."

तिरोडीहून नातवासाठी येणाऱ्या कमलाबाई एकदा म्हणाल्या, "सर, तुमी कापी पाहू पाहू बोलता. तवरिक आमचा नातू म्हातारा होऊन जाईन!" सगळा वर्ग हसला. नलूही हसली. सुधा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती, आणि मला तिकडेही नीट पाहवलं नाही.

मला एवढी भाषा एका वाक्यासाठीच हवी होती. आई मेली, आता येणार नाही. ते वाक्य मी वहीत सगळ्यांत वर लिहिलं होतं. थंडीत एका सकाळी मी नलूला समोर बसवलं आणि हात उचलले. पहिली खूण झाली आणि तिने डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्यापुढे बोलायला काही उरत नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला, तसंच झालं. उन्हाळा लागता लागता तिसऱ्यांदाही तसंच. मग मी वही कपाटात टाकली. त्या गुरुवारी दत्तापुढे उभा राहून मी वर्षभरात प्रथमच बोललो, आणि बोललो ते एवढंच: माझ्याच्याने होत नाही. आता तुला काय करायचं ते कर. ती प्रार्थना नव्हती. मी थकलो होतो.

त्याच संध्याकाळी मी नलूच्या मागोमाग स्टेशनवर गेलो. एरवी लांब उभा राहायचो, त्या दिवशी तिच्या बाकावर जाऊन बसलो. गाडीला उशीर होता. का कोण जाणे, माझे हात पुन्हा उचलले गेले. नलूने डोळे मिटले. माझे हात तसेच हवेत थरथरत राहिले.

पलीकडे लोखंडी पेटीवर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात, जाडंभरडं पांढरं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. त्या उठून माझ्यासमोर आल्या. माझे दोन्ही हात धरले आणि हळूच खाली माझ्या मांडीवर ठेवले. मग नलूच्या गुडघ्यावर थोपटलं. तिने डोळे उघडल्यावर त्यांनी तिला खुणांनी विचारलं, "तू सांग." तेव्हा मला कळलं की त्या बाईही बहिऱ्या आहेत.

आणि नलू बोलू लागली. भरभर बोलली. बाई मधेच तिला थांबवून तेच माझ्यासाठी सावकाश करून दाखवत, एकेक खूण, वर्गातल्यासारखी. माझे हात खाली होते. पाहायला आता फक्त माझ्या मुलीचा चेहरा होता.

"आई मेली हे मला माहीत आहे. जाण्याआधी तिनेच सांगितलं. म्हणाली, मी परत येणार नाही. बाबांना वाटतं मला कळलेलं नाही, त्यांना तसंच वाटू दे."

जे मी सुधापासून लपवत होतो, ते तिने मुलीला सांगून ठेवलं होतं. बाईंनी मग माझ्या वतीने विचारलं, "रोज इथे का येतेस?"

"आई शेवटचं इथे बोलली. खिडकीतून."

"काय बोलली?"

नलूने डोळ्यांभोवती दोन वर्तुळं काढली. ताट. समोर बस. "चष्मेवाला एकटा जेवत नाही. त्याच्या समोर बस."

बाईंनी शेवटचं विचारलं, "मग डोळे का मिटतेस?"

"बाबांना ते बोलता येत नाही. हात कापतात त्यांचे. म्हणून."

मी फलाटावर सगळ्यांसमोर रडलो. वर्षभर माझ्या घरात एक मुलगी मला सांभाळत होती आणि मी पुस्तकाची पानं उलटत होतो. गाडी आली. बाईंनी पेटी उचलली, नलूच्या डोक्यावर हात ठेवला आणि नैनपूरकडे जाणाऱ्या त्याच गाडीत चढल्या. नाव विचारायची खूण मला येत होती, पण ती आठवली गाडी सुटल्यावर. वर्गातल्या बाईंना मी वर्णन सांगून पाहिलं. अशी कोणी त्यांच्या माहितीत नव्हती. त्या कोण होत्या, त्याच दिवशी तिथे कशा, हे मी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

घरी येऊन नलूने ताट वाढलं. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिलाही वाढायला सांगितलं. वरण-भातावर तिच्या हाताने तूप पडलं ते पाहिलं, तिचं पाहणं पाहिलं. सुधाचा अभाव त्याने कमी झाला नाही. आजही नाही. काही संध्याकाळी तो तेव्हासारखाच छातीवर येऊन बसतो. पण ती म्हणाली होती तसं मी एकटा जेवत नाही.

गुरुवारी फूल वाहून झालं की मी आता दत्तापुढे काही म्हणत नाही. हात मांडीवर ठेवतो, त्या बाईंनी ठेवले होते तसे, आणि मूर्तीच्या चेहऱ्याकडे पाहत बसतो. सांगणं माझ्याकडून संपलं आहे. त्याला जे सांगायचं असेल ते त्याने सावकाश सांगावं, माझे डोळे उघडे आहेत.