शेऱ्याचा रिकामा रकाना

टेलरबाईंच्या दुकानात एक नियम होता. माप घेऊन झालं की टेप गळ्यात टाकायची आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "आधीचा कपडा कुठे काचतो?" बायका सांगायच्या, काखेत, कमरेला, हात वर केला की पाठीत. ते सगळं मापाच्या वहीत शेवटच्या रकान्यात, 'शेरा' या शब्दाखाली जायचं. आकडे काय, टेपही सांगते. पण कपडा वागवायचा असतो तो अंगावर, हे बाईंचं ठाम मत. वीस वर्षांत त्या रकान्याने त्यांना कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

त्यांच्या मुलीला घरात टकळी म्हणायचे, कारण सकाळी डोळे उघडले की हिची टकळी सुरू. बाराव्या वर्षी सगळं बिनसलं. सालपटं निघेपर्यंत हात धुवायची, शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन थरथरत परत यायची, आणि एके दिवशी आईच्या मोठ्या कात्रीने तिने स्वतःची वेणी मुळापासून उतरवली. पहिल्या डॉक्टरांनी एक आजार लिहिला. दुसऱ्यांनी तो खोडून दुसरा लिहिला. तिसऱ्यांनी दोन्ही ठेवले आणि मध्ये तिरकी रेघ मारली. बाईंना त्यातला एकही शब्द धड उच्चारता येईना. नणंद मात्र एका दमात निदान करून मोकळी झाली, "वहिनी, लाडावून ठेवलीय, दुसरं काही नाही."

तिसरे डॉक्टर मोठे होते. मोठे म्हणजे त्यांच्या दाराबाहेर बसायलासुद्धा जागा मिळत नसे. त्यांच्या गोळीने टकळी शांत झाली. हात धुणं थांबलं, रडणं थांबलं, मग बोलणंही थांबलं. शाळेतून आली की दुकानातल्या चिंध्यांच्या गाठोड्यावर आडवी व्हायची ती दिवेलागणीलाच उठायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आता वर्गात हिचा काही त्रास नाही." नणंद म्हणाली, "बघ, आली की नाही वळणावर." जो तो खूश. पोरीने तोंड मिटलं म्हणजे ती बरी झाली, असं या शहाण्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. बाईंचं डोकं इतकं तापायचं की दिवसाला दोन-दोन सुया मोडायच्या.

नव्या गणवेशासाठी त्यांनी टकळीला उभं केलं. कंबर साडेतेहतीस. सवयीने मागची पानं चाळली. सव्वीस, अठ्ठावीस, तीस, बत्तीस. समोर तारखा होत्या. गोळी सुरू झाली तो महिना आणि कमरेची पहिली उडी, अंतर जेमतेम पाच आठवडे. बाईंनी दोन्ही तारखांखाली पेन्सिलीने रेघ मारली. गणवेश घट्ट झाला की पोर शाळेत अवघडून जायला नको, म्हणून ती अंघोळीला गेली की त्याच तो उसवायच्या, बाजूला पट्टी जोडायच्या, नवा आकडा वहीत टिपायच्या आणि गणवेश होता तिथे अडकवून ठेवायच्या. शिवणकाम न येणाऱ्या आईने निदान नवा गणवेश घेताना बोंब तरी मारली असती. इथे आठ महिने कुणाला पत्ताच लागला नाही, कारण आईचा हात साफ होता.

दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून त्या डॉक्टरांपुढे बसल्या. टकळी शेजारच्या खुर्चीत पेंगत होती.

"शांत आहे ना?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं. "मग छान. थोडी वाढवून देतो."

"वाढवून? हिचं वजन शेवटचं कधी केलंत?"

डॉक्टरांची नजर कोपऱ्याकडे गेली. वजनकाटा तिथे होता. त्याच्यावर जुन्या फायलींची कंबरभर चळत होती.

"खाणं जरा कमी करा तिचं, बाई."

बाईंनी वही उघडून त्यांच्या कागदांवर ठेवली. "ही माझी नोंद, तारीखवार. आता तुमची दाखवा."

"ही कपड्यांची वही आहे."

"हो. पण आतलं माणूस तेच आहे."

फाइल उघडावीच लागली. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनीच लिहिलं होतं, सहा आठवडे द्यावी, वजन पाहून फेरविचार. त्याखाली दर खेपेला एकच ओळ, तेच चालू. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चुकलं-बिकलं काही म्हणाले नाहीत. "एकदम बंद करायची नसते," ते म्हणाले. "हळूहळू उतरवू. रक्त तपासू. मग दुसरी बघू."

"आणि तो काटा?"

डॉक्टरांनी घंटी वाजवून फायली उचलायला सांगितल्या.

घरी येताना बाईंची तोफ रस्ताभर धडाडत होती. डॉक्टर, शाळा, नणंद, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. "आठ महिने! एकाच्याही तोंडून निघालं नाही, बाळ, तुला काय होतंय." टकळी वही धरून मागून चालत होती. दुकानाच्या पायरीशी ती थांबली.

"आई, तू पण."

"मी पण काय?"

"सगळ्यांच्या पानावर शेरा आहे. कोपऱ्यावरच्या नर्सबाई कपडे शिवून नेतात, त्यांच्या पानावर तर चार ओळी. माझ्या पानावर काहीच नाही."

"अगं, तू घरचीच..."

"तू उसवायचीस ते मला कळायचं. जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. मला वाटायचं, आज विचारशील."

आठ महिन्यांत ती एका दमात इतकं बोलली नव्हती, आणि बोलली ती हे. बाईंचा राग होता तेवढाच होता, पण आता तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कुलूप काढलं, टकळीला स्टुलावर बसवलं आणि टेप गळ्यात टाकली.

"कुठे काचतं?"

"खूप आहे."

बाईंनी पेन्सिल तिच्या हातात दिली. टकळी लिहीत राहिली. रकाना संपला तशी ती समासात शिरली, आणि समास संपल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाच्या पानावर. दारात एक बाई कापडाची पिशवी घेऊन उभी राहिली.

"आज नाही जमणार," टेलरबाई म्हणाल्या. "माप चालू आहे."