गाण्यातली पोरगी
पेन्सिलीला टोक काढताना लाकडाचा वास आला की मला किन्हवली गावातल्या मित्राच्या घराची ती ओटी आठवते. मित्राच्या गाण्यावर कार्टूनचा व्हिडिओ करायचा होता, म्हणून कडव्यागणिक चित्रं काढून मी त्याच्याकडे गेलो होतो. खळ्यावर भात झोडत होते, धुरळा ओटीपर्यंत येत होता. मित्राने चित्रं सतरंजीवर मांडली आणि बायकोला हाक मारली, "अगो, बघ, गाण्यातली पोरगी तुझ्यासारखीच काढलीय यानं! हनुवटीखालचा तीळ पण हाय. मला तर कधी दिसलाच नाय!" तिने चित्रं पाहिली, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी मुद्दाम तसं काढलं नव्हतं. माझी नजर कुठे असते, हे मलाही तेव्हाच कळलं. मित्र अजून प्रेमाने जेवायला बोलावतो, आणि मी दर वेळी कामाचं निमित्त सांगतो.