कुठून आणलं ते आधी सांगणारी वर्षाताई

वर्षाताई गेल्याचं मला तिच्याच नंबरवरून कळलं. सकाळी ऑफिसला निघताना आमच्या ॲपच्या ग्रुपवर तिचं नाव दिसलं आणि वाटलं, हिची आणखी एखादी हरकत असणार. दवाखान्यातूनही ती हरकती पाठवायची. ऑटोत बसल्यावर बघू म्हणून मी फोन पर्समध्ये टाकला. ऑटोत बसून बघितलं... प्रकाशभाऊजींनी, तिच्या नवऱ्यानं, दोन ओळी लिहिल्या होत्या. खाली पुण्याच्या निखिलनं नुसते हात जोडले होते. ज्या ग्रुपवर तो आणि ताई महिनोन्‌महिने भांडले, त्याच ग्रुपवर. मी ऑटो थांबवून उतरले. कुठे जायचं ते सुचेना, म्हणून परत त्याच ऑटोत बसले.

वाशीमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ताईचा कॉम्प्युटर क्लास होता. मी मराठी टायपिंग शिकायला गेले तेव्हा कोपऱ्यातली खुर्ची बघून बसले होते. मला कोपरे आवडतात. ताईनं मात्र पहिल्याच दिवशी तिथून उठवलं. "काहो इंग्रजी शाळेच्या मॅडम, मराठी लिहिता येते का नुसती समजते?" मी म्हणाले, दोन्ही थोडं थोडं. "मंग बसा समोर. इथं सारे थोडं थोडंवालेच येतात." त्यानंतर ती मला मॅडमच म्हणायची, आणि त्यात चिडवणं किती, माया किती, ते मला शेवटपर्यंत वेगळं करता आलं नाही.

तिचं माहेर इंझोरीचं. घरी भाजीपाल्याची वाडी. तिथल्या बायका मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन वाशीमच्या बाजारात येत, आणि इथे आल्यावरच त्यांना भाव कळे. फोन प्रत्येकीकडे होता, पण त्यातली बारीक अक्षरं वाचणं जमत नसे. म्हणून ताईनं 'बोलभाव' नावाचं ॲप करायला घेतलं. फोनला वऱ्हाडीत विचारायचं, "आज वांगे काय भाव?" आणि फोननं बोलून सांगायचं. ते तिनं सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. त्याचा कोड कोणीही बघावा, न्यावा, बदलावा. मदतीला इकडचे तिकडचे चार-पाच जण जमले, त्यांत निखिल हा पुण्याचा इंजिनिअर सगळ्यांत हुशार. माझं इंग्रजी बरं, म्हणून माहितीपान माझ्याकडे आलं. हे सॉफ्टवेअर काय करतं, कसं बसवायचं, कशाकशाचं बनलंय, हे सांगणारं ते पहिलं पान.

भांडण त्या 'कशाकशाचं' वरून झालं. कोणतंही सॉफ्टवेअर कोणी एकट्यानं पहिल्यापासून लिहीत नाही. इतरांनी लिहून मोकळे सोडलेले तुकडे त्यात जोडलेले असतात. बोलभावमध्ये आवाज ओळखणारा तुकडा एका परदेशी कंपनीचा होता. चांगला होता, फुकट होता. पण त्या कंपनीनं लोकांचं फोनवरचं बोलणं न विचारता वापरून तो तयार केला, असा आरोप होता. ताईला ते कळलं त्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "पहिल्या पानावर लिहा, मॅडम." निखिल लगेच आडवा आला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आरोप सिद्ध झालेला नाही, आपण छापला तर आपणच बदनामी करतो. तुकड्याचं नाव कोडमध्ये दिसतंच, ज्याला शोधायचं तो शोधेल. आणि लोक घाबरून पळतील ते वेगळंच. ताई म्हणाली, आरोप आहे एवढंच लिहू, सिद्ध नाही हेही लिहू. मग तिनं त्याला त्यांच्या वाडीतल्या रोडग्यांच्या पंगतीचं सांगितलं. गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे रोडगे भाजून झाले, माणसं पानावर बसली, की वाढण्याआधी रांधणारा उभा राहून मोठ्यानं सांगतो: भाजीत लसूण आहे, तेल शेंगदाण्याचं आहे, वरणाची डाळ अमक्याच्या घरची आहे. ज्याला चालत नसेल त्यानं आत्ताच सांगावं. एखाद्याचा उपास असतो, एखाद्याचं त्या घराशी वैर असतं. कोणी कारण विचारत नाही.

"ताई, हे सॉफ्टवेअर आहे. वांग्याची भाजी नाही," निखिल फोनवर म्हणाला.

"मंग वांग्याच्या भाजीइतकं तरी खरं ठेव, बाबू."

शेवटी मी इंग्रजीत एक परिच्छेद लिहिला. तोलून मापून, कोणाला न दुखावणारा. निखिलनं मान्य केला. ताईनं दोनदा वाचला आणि म्हणाली, "छान आहे. पण हे कोणाले सांगून राह्यलो आपण?" तेव्हा कुठे लक्षात आलं. ज्यांना आधीच माहीत होतं नेमकं त्यांनाच आम्ही सांगितलं होतं. इंझोरीतली एकही बाई ते पान उघडणार नव्हती.

त्यांना तोंडानं सांगायला ताई निघाली, मलाही बरोबर घेतलं. तेव्हा तिचे उपचार सुरू झाले होते. त्या बायकांनी बोलभाव सोडलं तर काम तिथंच संपणार होतं. ते रोज वापरणाऱ्या आणि त्याच्या चुका सांगणाऱ्या त्याच होत्या. नव्यानं काही उभं करण्याइतका वेळ आपल्याकडे नाही, हे ताईला ठाऊक होतं.

लताकाकू ताईच्या शेजारच्या वाडीतल्या. त्यांच्या बांधावर बायका मेथीच्या जुड्या बांधत होत्या. ताईनं खाली बसून, जुड्या बांधता बांधताच सगळं सांगितलं.

"म्हणजे आमचे आवाज भी नेतीन का?" लताकाकूंनी विचारलं.

"नाही. तुमचा आवाज फोनाच्या बाहेर जात नाही. ते मी पाह्यलं."

"मंग सांगून काहून राह्यली वो? चाललं होतं ना बरं."

"उद्या दुसऱ्याकून कळलं असतं तर?"

"तर तुले गावात पाय ठेवू देला नसता!" सगळ्या हसल्या. पण एक जण हसली नाही. तिनं फोन माझ्यापुढे धरला. "काढून टाक पोरी. मले नको बाप्पा असा चोरीचा कान." मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "काढ." मी काढलं. आठवडाभरात आणखी बऱ्याच जणींनी काढलं. निखिलनं ग्रुपवर लिहिलं, "मी सांगितलं होतं, ताई." तिनं उत्तर दिलं, "हो. आणि मी पण सांगितलं."

मग एक दिवस लताकाकूंचा फोन आला. "चोरीचा नको तर आमचा घ्या ना वो कान करायले. तोंडं काय, दिवसभर चालूच राह्यतात." म्हणजे बाहेरचा तुकडा काढून त्या जागी इथल्याच बायकांच्या, विचारून घेतलेल्या आवाजांवर आपला तुकडा तयार करायचा. ही मागणी आमच्यातल्या कोणालाही सुचली नव्हती. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की बायका क्लासवर येऊ लागल्या. फोन पुढे करणारी ती बाईही आली. निखिल सुट्टी काढून पुण्याहून आला आणि रेकॉर्डिंगचं मशीन लावून गेला. आरोप छापणं बरोबर नव्हतं, असं तो अजूनही म्हणतो. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण सांगितलं नसतं तर हे आवाज आले नसते, एवढं मी पाहिलं आहे.

दवाखान्यात ताई कानाला लावून ती रेकॉर्डिंगं ऐकायची. एकदा मी गेले तर एकटीच हसत होती. "लताकाकूच्या मागं कोंबडा ओरडून राह्यला, मॅडम. ऐका, तो भी वऱ्हाडीच बोलते." ते राहू दे म्हणाली. म्हणून राहू दिलं...

मागच्या रविवारी भाऊजींनी किल्ली दिली आणि मी क्लास उघडला. लताकाकू तीन-चार नव्या बायकांना घेऊन आल्या होत्या. रेकॉर्डिंगआधी ताई माईक बंद ठेवून उभी राहायची आणि सगळं सांगायची: तुमचा आवाज कशाला घेतोय, कुठे ठेवणार, ॲपमध्ये बाहेरचं काय आहे, त्या कंपनीवर आरोप काय आहे. ज्याला नको त्यानं चहा घेऊन खुशाल जावं. आता ते सांगायला दुसरं कोणी नव्हतं. मी उभी राहिले. भराभर सांगून टाकलं.

"मागच्यायले आयकू नाही येऊन राह्यलं, पोरी," लताकाकू म्हणाल्या. "पुन्यांदा सांग. वर्षा कशी सांगे!"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी सावकाश, भिंतीपर्यंत पोचेल असं.

मागच्या बाकावरच्या एका नव्या बाईनं विचारलं, "म्हणजे थो बाहेरचा तुकडा अजून हायच का त्याच्यात?"

"हाय," मी म्हणाले. "आपला अजून तयार नाही झाला."

तिनं जरा विचार केला. मग पिशवी बाकाखाली सरकवली, पदर नीट केला आणि माईकसमोरची खुर्ची ओढून घेतली.

"मंग उशीर काहून करता? सांगा, कोठं बोलू?"