सतरा जणांचा काका

माझी सही देखणी आहे, हा माझा जुना गैरसमज. गावच्या दूध संस्थेचा सचिव झाल्यापासून तर ती जास्तच लांबली होती. शेवटी एक शेपटी, शेपटीखाली दोन ठिपके. दुष्काळाच्या त्या वर्षी संस्थेत दूधच येईना. सकाळी अर्ध्या तासात मोजमाप उरकायचं आणि उरलेला दिवस मी शिक्क्यावरची धूळ पुसत बसायचो. अशा रिकाम्या माणसाकडं दिवाळीनंतर एक पोरगा एसटीच्या पासाचा फॉर्म घेऊन आला. पालकाची सही हवी होती आणि आईबाप ऊसतोडीला गेलेले. मी सही ठोकली. नात्याच्या रकान्यात ‘काका’ लिहिलं. वर संस्थेचा शिक्काही मारला, जो कुणी मागितलाच नव्हता.

आठवडाभरात असे सतरा फॉर्म झाले. त्यातले दोघं भावकीच्या नात्यानं माझेच चुलते लागत होते. त्यांचाही मी काका झालो.

पोरं दहावीची. घरात एकटी, नाहीतर डोळे गेलेल्या आजीजवळ. नेकनूरला शाळेत न्यायला सकाळची एकच गाडी, तीही मागूनच भरून यायची आणि आमच्या फाट्यावर थांबायची नाही. आधी पोरं नुसती ओरडायची. मग गाडीच्या पत्र्यावर थापा मारायला लागली, मग रस्त्यात आडवी उभी राहून मोटारसायकलवाल्यांना शिट्ट्या. संस्थेच्या दारातून मला हे सगळं दिसायचं. कुणीतरी यांना बोललं पाहिजे, असं मी दोन-चार जणांना बोललोही.

परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा पोरांनी रस्त्यावर दगड मांडले. ड्रायव्हरनं गाडी कडेनं काढली. मांडलेले दगड मग हातात आले. समोरची काच फुटली आणि ड्रायव्हरची भुवई फाटली. पोलिसांनी नऊ पोरं उचलली. बाकीची पळाली.

फाट्यावरच्या हॉटेलात चहाबरोबर निवाडा सुरू झाला. एक म्हणाला आईबापाची चूक, दुसरा म्हणाला मास्तरांची, तिसरा म्हणाला मोबाइलची. मी मान हलवत तिघांशीही सहमत झालो. तेवढ्यात ठाण्यातून फोन आला.

ठाण्यात साहेबांनी डेपोतून मागवलेले नऊ फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे पसरले होते.

“सगळ्यांचे काका तुमीच?”

“कागदापुरता, साहेब.”

“मग कागदावरच लिहून द्या. पुन्हा असं झालं तर जबाबदार मी, म्हनून. परीक्षेला सोडतो. न्हाईतर गुन्हा दाखल करावा लागंल.”

बाकावर ड्रायव्हर बसला होता, भुवईवर पट्टी. पोरं भिंतीला टेकून खाली. “मलाबी दोन पोरं हायत,” ड्रायव्हर माझ्याकडं न बघता म्हणाला. “जागा नव्हती गाडीत. काय टपावर बसवू? थोडक्यात डोळा वाचला.”

मी बाहेर येऊन एका पोराच्या बापाला फोन लावला. तो पार साखर कारखान्याच्या पट्ट्यात, उसाच्या फडात. मागं कोयत्यांचा आवाज. “मुकादम सोडत न्हाई, भाऊ,” तो म्हणाला. “तुमी हाय म्हनूनच पोरगं मागं ठिवलं की.”

आत आलो. कोरा कागद तयार होता. ज्या पोरांना मी एकदाही जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं, त्यांची हमी. उद्या खरंच कुणाचा डोळा गेला तर? आयुष्यात पहिल्यांदाच मला सही करवेना.

“साहेब, सही पासापुरती होती,” मी म्हणालो. “मी यांचा कुणी लागत नाही.”

पोरांतल्या एकानं, मला वाटतं माझ्या त्या चुलत्यांपैकीच, मान वर न करता सांगितलं, “खरं हाय, साहेब. ते आमचे कोन न्हाईत.” ते तो माझ्यासाठी बोलला, मला सोडवायला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “संध्याकाळपर्यंत वाट बघतो. मग माझा इलाज न्हाई.”

दुपारी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. सही कशी धोक्याची, कायदा काय म्हणतो, हे जरा जास्तच सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

“सकाळपासून जेवलीत का ती?”

“ते काय विचारलं न्हाई.”

ती उठली, परात ओढली, पीठ घेतलं. चूल पेटल्यावर म्हणाली, “भाकरी होईस्तोवर ठरवा. ठाण्यात जाऊन त्यांच्यापाशी बसायचं, का डबा दारात ठिवून यायचं. डबाच ठिवायचा असंल तर मी जाते.”